भोकरपाड्याचं पाणी

१२ ऑगस्ट २००१

आज भोकरपाड्याच्या तळ्यात मत्स्यबीज सोडलं. पेठ रस्त्याला पाऊस असा की समोरचं दिसेना. जीपचा वायपर बंद, आणि पुंजाराम एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं काच पुसतोय. आमच्या मत्स्यव्यवसाय खात्यात पुंजाराम जीपही चालवतो, जाळंही टाकतो आणि उरलेल्या वेळात मला लग्नाबद्दल सल्ले देतो. मागे बोटुकलीच्या पिशव्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आमची कटला, रोहू आणि मृगळ होती. पिशवीत थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन. खिंड उतरताना प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या पिशव्यांत.

पाहुणे म्हणून पुढारी येणार होते ते आलेच नाहीत. साहेबांनी बजावलं होतं, "मोहिनी मॅडम, काहीही करा, पण फोटो आणा. फोटोशिवाय योजनेचा खर्च पास होत नाही." मग म्हटलं, पुढाऱ्याची वाट कशाला बघायची? धरणात भातखाचरं गेली या गावकऱ्यांची, मच्छीमार सोसायटी यांची, मान यांनाच मिळू दे. सोसायटीचा चेअरमन मंगळू. त्याची आई कुसाबाई गावात सगळ्यात वडीलधारी, कुणाला काही झालं की लोक तिलाच कौल लावायला सांगतात. तिला पुढे बोलावलं. हळदकुंकू, नारळ, खण, तांदूळ सगळं मी नाशिकहून नेलं होतं. पहिली पिशवी मी धरली, म्हातारीनं तिला कुंकू लावलं, तळ्याची ओटी भरली आणि आम्ही दोघींनी मिळून पिशवी पाण्यात रिकामी केली.

तिनं विचारलं, "हे सरकारनं दिलं?"

"हो आजी, सरकारनं."

"परत न्यायला येनार नाय ना?"

"नाही हो. एकदा दिलं ते दिलं. कायमचं."

म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बायांनी सगळ्यांनी हात जोडले. मंगळूची बायको चिमणाबाई तर पदरानं डोळे पुसत होती. शंभर टक्के अनुदानाचं एवढं कौतुक मी आजवर कुठे पाहिलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

रविवार. सातपूरच्या या खोलीत रविवार फार लांब होतो. पहिल्या पाळीचा भोंगा झाला, घरमालकीण लताबाईंनी चहा दिला, "एकटीनं किती दिवस राहणार?" हेही दिलं. मग दिवसभर काही नाही.

रत्नागिरीला कॉलेजात होते तेव्हा वाटायचं, आता आपलं आयुष्य समुद्राकाठी. बंदरं, बोटी, कोळंबी. नोकरी लागली आणि नेमणूक नाशिकला! जिथे लोक विचारतात, नाशिकला कसलं आलंय मत्स्य खातं? मी तरी काय सांगू. धरणं आहेत, तलाव आहेत, सोसायट्या आहेत, आणि त्यांच्यामागे जीप घेऊन धावणारी मी आहे. आज बदलीचा अर्ज लिहून काढला. रत्नागिरी नाहीतर मुंबई. उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार.

१५ जानेवारी २००२

संक्रांतीला नांदगावला घरी जाऊन आले. वडिलांच्या गळ्यात माळ, आडतीच्या दुकानात बसतात तेव्हाही तोंडात नाम. माझ्या बॅगेला मासळीचा वास येतो म्हणून आईनं ती गच्चीवरच ठेवायला लावली. रत्नागिरीच्या होस्टेलवर मी मासे खायला शिकले हे त्यांना अजून माहीत नाही, माहीत होणारही नाही.

ओझरच्या विमान कारखान्यातलं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं निरोप पाठवला, मुलगी चांगली आहे, पण ती माशांना हात लावते म्हणतात. मला इतकं हसू आलं की वडील चिडले. हसू ओसरल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

९ मे

भोकरपाडा. वैताग, वैताग, वैताग.

योजनेतून दिलेली नायलॉनची जाळी पाहायला गेले. जाळी कुठे आहेत? चिमणाबाईच्या परसात! दुधी आणि कारल्याच्या वेलांभोवती कुंपण केलंय, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून. होडी उपडी घातलीय आणि तिच्याखाली कोंबड्या. मी म्हटलं, "मंगळूभाऊ, हे काय?" तर मान खाली घालून म्हणतो, "मॅडम, जाळी लय मजबूत हाय." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

पुरुष बरेचसे दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जाऊन नुकतेच परत आले होते. पोरांना सोबत नेतात, त्यांच्या शाळा बुडतात. दारात एवढं पाणी, पाण्यात मासा वाढतोय, आणि ही माणसं दुसऱ्याच्या द्राक्षांचे घड विरळायला कुठल्या कुठे जातात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढलं. नागलीची भाकर आणि ओहोळातल्या खेकड्यांचा रस्सा. चव अशी की रागातही दोनदा मागून घेतला. मी विचारलं, तळ्यातला मासा नाही का केला? चिमणाबाई एकदम तोंडावर पदर घेऊन हसली, जसं काही मी वावगं बोलले.

जेवल्यावर काठावर बसले. कुसाबाई खाली पायऱ्यांवर बसून भाकरी कुस्करून पाण्यात टाकत होती आणि पाणी नुसतं उकळल्यासारखं हलत होतं. म्हणजे मासा आहे! वाढतोय! मी किती वेळ बघत बसले कळलं नाही. पुंजारामनं हॉर्न वाजवला तेव्हा उठले. तळ्याच्या पलीकडे डोंगर आहे, त्याची सावली पाण्यावर येते तेव्हा वारा पडतो. माझ्या डोक्यातलं चक्र तिथे थोडा वेळ थांबतं. इतकी गप्प मी दुसरीकडे कुठे बसत नाही.

२० ऑगस्ट

दुसऱ्या वर्षाचं बीज सोडलं. या वेळी साहेबांनी फोटोसाठी त्रास दिला नाही, कारण निधी आधीच खर्ची पडलाय. पण गाव तयार होतं. काठ सारवलेला, रांगोळी काढलेली. पुंजारामला चपला काढायला लावल्या. तो कुरकुरला, "खात्याच्या कामाला आलोय, देवळात नाय." मी त्याला गप्प केलं. लोकांना योजनेबद्दल एवढी आस्था असेल तर चपला काढायला काय जातं?

बदलीचं अजून काही नाही.

६ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावून घेतलं. भोकरपाड्याचं उत्पादन गेल्या वर्षी शून्य, यंदाही आतापर्यंत शून्य. सोसायटीच्या ठेक्याची अट आहे, दुसरं वर्षही मार्चअखेर कोरडं गेलं तर तलाव जाहीर लिलावात जाईल. म्हणजे कुणीही ठेकेदार घेऊ शकेल आणि गावाला पाण्यात गळ टाकायचीसुद्धा परवानगी राहणार नाही. आधी जमीन गेली, आता पाणी जाईल.

मी म्हटलं, मासा आहे सर, मी डोळ्यांनी पाहिलाय. साहेब म्हणाले, "तुमचे डोळे कागदावर कसे लावू?"

बाहेर धनराज बसला होता. नाशिकच्या मासळी बाजारातला मोठा व्यापारी, चार तलावांचा ठेका त्याच्याकडे. फार गोड बोलतो. "मॅडम, तुम्ही भोळ्या आहात. मासा तळ्यात आहे आणि वजनात नाही, म्हणजे मधल्या मध्ये जातोय. ही माणसं तुम्हाला खेकडे खाऊ घालतात आणि मासा गुजरातकडे विकतात." मी त्याला झटकलं. पण बोलणं काही झटकलं जाईना. होडीखालच्या कोंबड्या, परसातली जाळी, ती खाली घातलेली मान, चिमणाबाईचं हसू. सगळं एका सुतात ओवलं गेलं.

३ डिसेंबर

माझ्या तोंडून आज फार वाईट बोललं गेलं. वाईट म्हणजे, मला ते खरं वाटत होतं आणि अजूनही वाटतंय. तरी वाईट.

गाव जमवलं. सगळ्यांदेखत मंगळूला विचारलं, "मासा कुणाला विकता? सांगून टाका, मी वाचवेन." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "मॅडम, आमी? तो मासा?" एवढंच. मी चिडले, "तो मासा म्हणजे काय, सोन्याचा आहे का?"  एकेक जण उठून गेला. शेवटी मंगळू टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चोर नाय हो आमी."

परतताना पुंजाराम खिंडीपर्यंत एक शब्द बोलला नाही. पुंजाराम गप्प बसतो म्हणजे काहीतरी बिघडलंच.

या माणसांचं भलं करायला मी आले होते ना? मग मला त्यांचा इतका राग का येतो?

२१ जानेवारी २००३

सगळं उलगडलं. घाईनं लिहितेय, अक्षर लागेल तसं लागो.

साहेबांची परवानगी घेऊन चाचणीसाठी खात्याचं जाळं नेलं होतं. काल दुपारी पुंजारामनं ते लावलं, गावाला न विचारता. आज सकाळी आम्ही ते उचलायला गेलो तर दोराला हात लावताच पुंजाराम ओरडला, "मॅडम, लय मोठा हाय!" कटला होता, पोराएवढा. त्याच्यामागे आणखी तीन-चार. मी आनंदानं टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या, लहान मुलीसारख्या.

तेवढ्यात चिमणाबाई धावत आली. लुगड्यासकट पाण्यात शिरली, कमरेचा विळा काढला आणि सरकारी जाळं फाडत सुटली. मी ओरडले, "चिमणाबाई, सरकारी मालमत्ता आहे ती!" ती मागे वळून ओरडली, "अन् हा कोनाचा हाय?" तिनं एकेक मासा दोन्ही हातांनी सोडवला. त्या मोठ्याला सोडताना तिनं त्याच्या डोक्याला हात लावून पाया पडल्यासारखं केलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात थोडा उजेड पडायला लागला.

बाकी कुसाबाईनं सांगितलं, पायऱ्यांवर बसून, अगदी शांतपणे.

"धरनाच्या आधी खाली नदीवर आईचं ठानं व्हतं. जळातली आई. साहेब लोक आले, मोजनी केली. माझ्या खाचराचा मोबदला दिला, झाडांचा दिला, घराचा दिला. म्या इचारलं, आईच्या ठान्याचा? तं म्हने तिचं नाव कागदावर नाय. पानी चढलं, ती खाली गेली. इतकी वर्सं आमाला तोंड वर करून तिच्याकडं बघवत नव्हतं. मंग तू आली, पोरी. हळदकुंकू घेऊन, खन-नारळ घेऊन. सरकारनं दिलं म्हनली. परत न्यायचं नाय म्हनली. आमाला वाटलं, उशिरा का व्हईना, सरकारनं तिचा मोबदला आनला."

मी म्हटलं, "आजी, ती योजना होती. तुम्हाला खाण्यासाठी, विकण्यासाठी."

"मंग कुंकू कशाला लावलं?"

 फोटोसाठी, असं कसं सांगणार?

कुंकू लावून देवाच्या नावानं सोडलेल्या कोंबड्याला या गावात कुणी शिवत नाही, हे मला आज कळलं. गेली दीड वर्षं मी त्यांना आळशी म्हणत होते, चोर म्हणाले, आणि ते बिचारे देवीचं धन राखत होते. मंगळूकडे जाऊन मी हात जोडले. तो म्हणाला, "राहू द्या मॅडम. तुमाला तरी कोन सांगनार व्हतं."

मला रडू आलं. त्याच्यासमोरच आलं.

२ फेब्रुवारी

कळलं, पण सुटलं नाही. मार्चअखेर जवळ येतेय.

आज गावाची बैठक. मी म्हटलं, कुंकू एकाच पिशवीला लावलं होतं, बाकीच्या पिशव्या मोकळ्याच होत्या. चिमणाबाई म्हणाली, "मंग कोनता मासा कोनत्या पिशवीतला, पान्यात जाऊन इचारा तुमी." सगळे हसले. मीही हसले. ३ डिसेंबरनंतर पहिल्यांदा त्या गावात हसले.

मंगळूचा जीव मात्र कात्रीत सापडलाय. सोसायटी त्यांनी मासे धरायला काढलीच नव्हती. पाण्यावर गावाचं नाव राहावं, परका कुणी शिरू नये, म्हणून काढली होती. आता नाव राखायचं तर मासा धरायला हवा, आणि नाही धरला तर ठेकेदार येऊन सगळाच उपसून नेणार. तो म्हणाला, "तिचं तिच्याकडं राहू द्यावं म्हनलं तं धनराज नेनार. आमी घेतलं तं आमी पापी. सांगा काय करू?"

 कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.

मग कुसाबाईनं तोंड उघडलं. "दिलेलं मागता येतं. पन ज्यानं दिलं त्यानंच मागायचं." आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

९ फेब्रुवारी

मागितलं.

नांदगावचे वडील हे ऐकतील तर काय म्हणतील, आणि साहेब काय म्हणतील! वर्ग दोनची अधिकारी गुडघाभर पाण्यात ओंजळीत तांदूळ धरून उभी. पुंजारामला मी सांगून ठेवलंय, ऑफिसात शब्द गेला तर जीपची किल्ली काढून घेईन.

कुसाबाई म्हणाली, मनात माग. मी मनात म्हटलं, "आई, माझी चूक झाली. तुझ्यासाठी म्हणून मी आणलं नव्हतं. या लोकांसाठी आणलं होतं. त्यांना घेऊ दे." म्हणताना मला वाटत होतं आपण नाटकात काम करतोय. पण शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं, का ते माहीत नाही. तांदूळ सोडले. म्हातारी पाण्याकडे बघत राहिली, ओठ पुटपुटत. मग म्हणाली, "देते म्हनते. दर साली पयला मासा तिचा, बाकी गावाचा."

बाया आनंदल्या. पण म्हातारीचं संपलं नव्हतं. तिनं माझा हात धरला. "अन् एक म्हनते. देऊन मागनारीनं परत माझ्यापुढं येऊ नये. पान्याला हात लावू नये, पानी बघू नये. ज्या दिशी जाळं पडल त्या दिवसापासून."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "कबूल."

कुणीही म्हटलं असतं. माझी बदली व्हायचीच आहे. एक तळं नाही बघितलं तर काय बिघडतं? मी विज्ञानाची पदवीधर आहे. ही त्यांच्या समाधानाची गोष्ट आहे, ती झाली, काम फत्ते.

चिमणाबाई मात्र हसत नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, आज जरा जास्त येळ बसून घ्या काठावर." मी बसले. सावली येऊन वारा पडेपर्यंत बसले.

२८ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावून आनंदाची बातमी दिली. रत्नागिरीला जागा रिकामी होतेय, माझा अर्ज पुढे सरकलाय, होकार कळवला की महिन्याभरात आदेश निघेल.

मी म्हटलं, "सर, मार्चएंड तोंडावर आहे, आत्ता सोडून जाणं बरं दिसणार नाही. सध्या थांबवा."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "अहो, दीड वर्ष तुम्हीच माझं डोकं खात होता ना?"

कामाचा प्रश्न आहे, बाकी काही नाही. एवढी उस्तवार केल्यावर अर्धवट टाकून जायला मी काही तशी नाही.

१७ मार्च

जाळं २६ तारखेला पडणार. जाळी परसातून निघाली, फाटलेली शिवून झाली, होडीला डांबर लावून झालं. हे सगळं पुंजारामनं येऊन सांगितलं. मी दोनदा खिंडीपर्यंत जाऊन परत आले. अजून जाळं पडलेलं नाही, तेव्हा बघायला हरकत नव्हती. पण खाली काम चाललेलं, आपण कशाला लुडबुड करा, म्हणून गेले नाही.

माल धनराज घेणार. ठेकेदार म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. मंगळूनं त्याला बर्फ घेऊन यायला सांगितलंय आणि भावासाठी त्याला दोन तास उन्हात बसवलं म्हणे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की लताबाईंना मी उगाच पेढे दिले.

२४ मार्च

घोळ. साहेब म्हणतात, दोन वर्षं शून्य आणि आता एकदम उत्पादन, कुणी तक्रार केली तर? तेव्हा वजन अधिकाऱ्यानं जागेवर उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांदेखत करायचं आणि सही करायची. ते नसेल तर ठेका वाढवून मिळणार नाही.

जागेवर म्हणजे काठावर.

पुंजारामला म्हटलं, माझ्याऐवजी तुम्ही सही करा. तो म्हणाला, "मॅडम, माझी सही बँकवाले पन धरत नाय."

आता काय? खाली उतरले तर शब्द मोडतो, न उतरले तर पाणी जातं. यात विचार करण्यासारखं खरं म्हणजे काही नाहीच. मी कौल-बिऊल मानत नाही. नोकरी ती नोकरी. पण मी पाण्यात उभी राहून हो म्हटलंय, आणि त्या 'हो'वर विसंबून ती माणसं परवा जाळं टाकणार आहेत. मी काठावर गेले आणि त्यांचे हात जाळ्यावरच थांबले तर? किंवा थांबले नाहीत, मासा काढला, आणि पुढे गावात एखादं पोर जरी आजारी पडलं तरी ते कुणाच्या नावावर जाईल?

हे सगळं त्यांच्यासाठी आहे. मला स्वतःला काही वाटत नाही. असं लिहिलंय खरं, पण दुपारपासून मी चार वेळा उठून खिडकीशी गेलेय, आणि खिडकीतून सातपूरचे पत्रेच दिसतात.

ठरलं. उतरायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून तर सही करता येत नाही.

२६ मार्च

सकाळी निघालो.  खिंड जवळ आली. त्या वळणावरून पुढे गेलं की तळं एकदम समोर येतं, मला ते वळण पाठ आहे.

वळणाच्या अलीकडे पुंजारामनं ब्रेक दाबला. रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाला तराजू टांगलेला होता. मोठा, बाजारातला. खाली गोणपाट अंथरलेलं, एक लाकडी खुर्ची ठेवलेली आणि शेजारी मंगळू धुतलेली टोपी घालून उभा.

"हितंच बसा मॅडम. माल वर येतो."

मी म्हटलं, "अहो मंगळूभाऊ, एवढी चढण! ट्रक खाली जातो की."

"ट्रक जातो. तुमी नाय जात."

 माझी अडचण गावात कळवायला मी पुंजारामला सांगितलं नव्हतं. तो जीपचं बॉनेट उघडून उगाच आत डोकावत होता.

खालून आधी आवाज आला. पुरुषांची हाळी, मग बायांचा कालवा, मग एकच मोठा जल्लोष, तो डोंगरावर आपटून परत आला. जाळं वर आलं असणार. मी खुर्चीवरून उठले आणि दोन पावलं वळणाकडे गेले. मंगळूनं खुर्ची सावलीत सरकवली. मी परत येऊन बसले.

मग ते चढायला लागले. बायका पुढे, डोक्यावर बांबूच्या पाट्या, पाट्यांतून पाणी गळतंय, चेहरे, माना, चोळ्या सगळं ओलं, खवले चिकटलेले. दोघादोघांच्या खांद्यावर काठी आणि काठीला लटकवलेले कटले, त्यांच्या शेपट्या जमिनीला लागत होत्या. धापा टाकत वर यायचे, तराजूत टाकायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि परत खाली. म्हातारे, पोरी, सगळं गाव. धनराज बर्फाच्या ट्रकला टेकून पुटपुटत होता, "असला खुळचटपणा मी आयुष्यात पाहिला नाही." तरी मासा बघून त्याचे डोळे मोठे झाले होते. मी प्रत्येक वजन डोळ्यांनी पाहिलं, प्रत्येकावर सही केली. ठेका गावाकडेच राहणार. आता कुणाच्या बापाची टाप नाही तो काढून घ्यायची.

कुणी म्हणालं नाही की आम्ही तुमच्यासाठी केलं. मीही आभार मानले नाहीत. कसे मानतात ते मला त्या वेळी सुचेना.

शेवटची पाटी चिमणाबाईची. ती रिकामी करून तिथेच धपकन बसली. तिच्या हातावरचे खवले उन्हात चमकत होते. मी विचारलं, "पहिला सोडला?"

"सोडला. लय मोठा व्हता. सासूबाईंनी सोडला."

"आणि... पाणी कसं आहे आज?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "हाय. जागच्या जागी हाय, ताई."

आजवर मॅडमच म्हणत आली होती. माझे हात माशांच्या चिकट्यानं भरले होते, सही करताना पेन निसटत होतं. ती उठली, झाडाआड ठेवलेली कळशी घेऊन आली आणि वाकवून म्हणाली, "धरा हात."

मी ओंजळ पुढे केली आणि मागे घेतली. तिला कळलं.

"घ्या, घ्या. तळ्याचं नाय. गावातल्या विहिरीचं हाय, सकाळी तुमच्यासाठी आठवनीनं येगळं भरून आनलं."

मी हात धुतले, मग ओंजळ भरून प्यायले, आणि आणखी एक ओंजळ मागितली. गार होतं, गोड होतं. मला तळ्याचं हवं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.